येते म्हणून गेलेली

आमच्याकडे घरातून बाहेर पडताना कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं. दळण घेऊन निघालेली बाई येते म्हणते आणि सासरी परत निघालेली लेकही येते म्हणते. ऐकणाऱ्याने 'ये' म्हटलं की झालं. आमच्या घरात त्या 'ये'ला आईची एक पुरवणी होती. मी 'येते' म्हटलं की ती हातातलं काम न सोडता म्हणायची, "ये. दमानं ये." शाळेत होते तेव्हा, कॉलेजात गेले तेव्हा, नोकरीला लागले तेव्हाही. इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे ते ऐकू येणंच बंद झालं. एवढ्याशा देवाणघेवाणीत काही अडचण असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण मी पळायला लागले आणि माझ्या गुडघ्यांनी दिला नसेल एवढा त्रास मला या एका शब्दाने दिला.

भिवपुरीच्या वीजघराच्या थोडं अलीकडे, रस्त्याला लागून आमचं गाव आहे. वडील वीजघरात होते. ते गेल्यावर घरात आई आणि मी अशा दोघीच उरलो. मी खालापूरच्या बाजूला, कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगवर देखरेख करते. लग्न केलं नाही. त्यावरची चर्चा गावाने यथासांग करून केव्हाच संपवली आहे, त्यामुळे आता त्या आघाडीवर शांतता असते. चाळिशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, चाला. मी चालायला लागले. कंपनीच्या बसमध्ये बसून झोपा काढणारं शरीर ते, सुरुवातीला त्याने बरीच कुरकुर केली.

पळायला लावलं ते कर्जतच्या एका दातांच्या डॉक्टरांनी. माझी दाढ काढून झाली होती, तोंडात कापूस कोंबलेला होता, नाही म्हणायची सोय नव्हती. तेवढ्यात ते म्हणाले, "रविवारी सकाळी आम्ही काही जण पळतो. तुम्ही या. नाही म्हणत नाही आहात, म्हणजे हो समजतो." असे ते लबाड. स्वतः पोट सुटलेले, मनगटावर ताटलीएवढं घड्याळ, आणि सगळ्यांना पळण्याचा वेग शिकवणारे. मी रागारागात एकदा जाऊन बघितलं. नंतर दर रविवारी जात राहिले. राग कधी उतरला ते कळलं नाही.

त्या पळण्याचं काय सांगू? सांगायला गेलं की त्यातलं सगळं निसटतं. हिवाळ्यात पहाटे मी घरातून निघायचे तेव्हा शेतांवर धुकं बसलेलं असायचं. रस्त्याच्या एका अंगाला कापणी झालेलं भात, नुसते खुंट. दुसऱ्या अंगाला कालव्याचं पाणी पोचतं तिथे उन्हाळी भाताची हिरवी रोपं. म्हणजे डाव्या डोळ्याला एक ऋतू आणि उजव्या डोळ्याला दुसरा. मधल्या रस्त्यावरून मी. डोंगरावरून वीजघराचे पाइप खाली उतरतात, ते धुक्यात अर्धेच दिसायचे, वरून कुठून आलेत ते कळायचं नाही. पाणी सोडलं असेल तर त्याचा घुमणारा आवाज पाठीशी यायचा आणि बराच लांबपर्यंत सोबत करायचा. पहिला काही वेळ श्वास, गुडघे, बुटातला खडा, असलं सगळं जाणवत राहतं. मग केव्हातरी ते सुटतं. पाय आपले आपण पडायला लागतात आणि आपण त्यांच्यावर बसून कुठेतरी चाललोय असं वाटतं. आंब्याच्या मोहोराचा वास येतो आणि आपण कितव्या वर्षी हा वास घेतोय ते आठवत नाही. मी दहा वर्षांची असते, आईच्या मागे डोक्यावर काकड्यांची छोटी पाटी घेऊन कर्जतच्या बाजाराला निघालेली. पुढे तिच्या लुगड्याचा काठ हलतोय. ती मागे न बघता म्हणतेय, "दमानं गं." मग समोरून एखादा टेंपो हॉर्न देतो आणि मी पुन्हा चाळिशीपलीकडची बाई होते.

दम हा आपल्याकडे फार कामाचा शब्द आहे. दम लागतो, दम धरतात, दम खातात, दम देतातही. डॉक्टरांनी मला पेस शिकवला, नाडीच्या ठोक्यांचे झोन शिकवले, घड्याळात लाल दिसलं तर काय करायचं ते शिकवलं. मी सगळं मन लावून शिकले, कारण मला शिकायला आवडतं. पण दम सुटायला लागला की माझ्या कानात त्यांचा झोन कधीच आला नाही. आईचं 'दमानं'च यायचं.

आईचं विसरणं असंच दमानं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग मिठाऐवजी साखर. त्यावर आम्ही दोघी हसलो होतो. मग वडील जेवायला अजून का आले नाहीत, असं एकदा विचारलं. त्यावर दोघींपैकी कोणी हसलं नाही. गंमत अशी की रविवारी विहारातल्या भोंग्यावर वंदना सुरू झाली की ती घरात बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची, एक अक्षर चुकायची नाही. मी लांबचं पळून गावात शिरायचे त्याच वेळेला बहुतेक ती वंदना चालू असायची. पडवीत बसलेल्या आईचे ओठ हलताना दिसले की माझा जीव भांड्यात पडायचा.

एका रविवारी मात्र पडवी रिकामी होती. चुलीवर चहाचं भांडं करपून काळं झालं होतं. आई गावाच्या फाट्यावर उन्हात उभी, डोक्यावर पदरही नाही.

"आई, इथे काय करतेस?"

"तुजी वाट बगते. येते म्हनालीस ना? मी चा ठेवला."

मला आधी उलगडाच होईना. मग लक्षात आलं. पहाटे निघताना मी सवयीने म्हटलं होतं, येते. तिच्या डोक्यात त्या शब्दाचा नेहमीचा अर्थ कुठेतरी गळून पडला होता आणि नुसता शब्द उरला होता. येते म्हणजे येते. म्हणजे आत्ता येतेच आहे. म्हणून तिने चहा ठेवला, थोडी वाट बघितली, मग सामोरी गेली. तिचं काय चुकलं? चूक असलीच तर हा शब्द पहिल्यांदा ज्या कोणी असा उलटा वापरला त्याची. मी त्या माणसाला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या आणि आईला हाताला धरून घरी आणलं.

मग मी शब्द बदलायच्या मागे लागले. 'निघते' म्हणून बघितलं. ती म्हणाली, "कुटं?" आणि मी सांगितलेलं सगळं ऐकून पुन्हा "कुटं?" 'पळून येते' म्हणून बघितलं, तर घाबरली. आमच्याकडे मुलीने पळून जाण्याचा अर्थ वेगळा, आणि मी या वयात तसलं काही करेन असं तिला वाटलं याचा मला जरा अभिमानच वाटला. एकदा काही न बोलता हळूच निघाले, तर त्या दिवशी तिने अख्ख्या आळीत मला शोधलं. शेवटी एके दिवशी वैतागून मी स्पष्ट म्हटलं, "आई, मी जाते."

तिने माझ्या दंडावर फटकाच मारला. "जाते म्हनू नये. तुजा बाप एकदाच जातो म्हनला. येते म्हन."

वडील तसं कधी म्हणाले होते, खरंच म्हणाले होते का, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. मी म्हटलं, "येते." आणि तिने ताबडतोब, चेहरा निवळून म्हटलं, "ये. दमानं ये."

म्हणजे 'जाते' म्हणायची चोरी आणि 'येते' म्हटलं की चुलीवर चहा. यावर तोडगा शेजारच्या वहिनीने काढला. ती माझ्या चुलतभावाची बायको, आईला आत्या म्हणणारी, मी कामावर असताना तिच्यावर लक्ष ठेवणारी, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. "तुमी पळा ताई, मी बसते आत्यांजवळ. तुमचं पळनं काय थांबायचं नाय आनि त्यांचं वाट बगनं बी." गॅसची शेगडी तिने उचलून आपल्या घरात नेली. चुलीचं लाकूडही हाताशी ठेवेना. मग मी येते म्हणायचे, आई ये म्हणायची आणि वहिनीबरोबर पडवीत वाट बघत बसायची. मी आले की म्हणायची, "आलीस?" त्या एका 'आलीस'साठी मी पळत होते की काय अशी शंका मला हल्ली येते.

तो पावसाळा संपताना डॉक्टरांनी शर्यतीची बातमी आणली. फेब्रुवारीत, पन्नास किलोमीटर. कुंभिवलीच्या पुढच्या एका मैदानातून सुरुवात, पळसदरीवरून कर्जत, तिथून भिवपुरीच्या वीजघराचं फाटक, आणि आल्या वाटेने परत. मी तोवर कधी त्याच्या अर्ध्याहून फार जास्त पळले नव्हते. नाही म्हणणारच होते. पण वाट ऐकली आणि थांबले. वीजघराच्या फाटकाला जायचं म्हणजे आमच्या फाट्यावरूनच जायचं. आईच्या समोरून.

खरं सांगायचं तर मला पदक नको होतं, वेळही नको होती. आईने मला कधी पळताना बघितलं नव्हतं. तिने बघितली होती ती फक्त निघणारी मी आणि येणारी मी. मधलं जे माझं सगळ्यात चांगलं होतं, ते तिच्या नजरेला कधी पडलंच नव्हतं. आणि तिची नजर आता थकत होती. त्या दिवाळीत तिने मला दोनदा 'अक्का' म्हटलं, ती तिची मोठी बहीण, कधीच गेलेली. एकदा 'बाई' म्हटलं, परक्या बाईला म्हणावं तसं, आणि पाणी हवं का विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा ओळखलं. पण मला कळून चुकलं की हे ओळखणं फार दिवस पुरणारं नाही. ती मला ओळखते आहे तोवर तिने मला एकदा पळताना बघावं, एवढंच मला हवं होतं. फेब्रुवारीपर्यंत ते टिकेल का, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. नाव देऊन मोकळी झाले.

मग नुसतं पळणं. कारखान्यातून आल्यावर पळणं, रविवारी लांबचं पळणं. पळसदरीच्या धरणापर्यंत जायचं, भिंतीजवळ थोडा दम खायचा, पाण्यात डोंगराचं उलटं रूप बघायचं आणि फिरायचं. ज्या रस्त्याने बसमध्ये मान टाकून वर्षानुवर्षं गेले, त्याच्या कडेला एवढी झाडं आहेत हे मला तेव्हा कळलं. पळसाला कळ्या धरल्या तसं डॉक्टरांनी अंतर वाढवलं. "तुम्ही फार हळू पळता," ते म्हणायचे, "पण थांबत नाही. हे वाईट नाही." त्यांच्याकडून एवढं म्हणजे फारच झालं. मी एवढं तूप लावून भाकरी खाते, साखरेचं काय, असं वहिनी विचारायची आणि स्वतःच आणखी एक भाकरी वाढायची.

आईला मी रोज सांगायचे. "आई, मी आपल्या रस्त्याने पळत येणार आहे. तू फाट्यावर बसायचंस." ती रोज नव्याने खूश व्हायची. "कदी?" मी सांगायचे. "यकटीच?" नाही गं, पुष्कळ माणसं. "पोलीस मागं लागलेत काय?" असं म्हणून हसायची. रोज तोच विनोद, आणि मला रोज हसू यायचं.

शर्यतीच्या पहाटे डॉक्टरांची गाडी न्यायला आली तेव्हा वहिनी आमच्याकडेच झोपायला होती. आई जागी होती, अंथरुणावर बसलेली. मी टोपी घातली, छातीवर नंबर लावला, तिच्यासमोर वाकले. तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

"येते आई."

"ये. दमानं ये."

गाडीत बसल्यावर मला जाणवलं की आज पहिल्यांदा तो शब्द नुसत्या रिवाजाचा नाही. आज मी घरातून निघाले होते ती खरोखर यायलाच. कुंभिवलीपर्यंत गाडीने जाऊन तिथून पळत आईकडे यायचं होतं. मला इतकं बरं वाटलं की डॉक्टर काहीतरी झोनबद्दल सांगत होते ते मी ऐकलंच नाही.

मैदानात धुकं होतं आणि त्यात माणसं हातपाय झटकत होती. मुंबईपुण्याची बरीच, चकाचक कपड्यांतली. शिट्टी झाली आणि सगळी मला ओलांडून निघून गेली. मी मागे राहिले, ते ठरवूनच. हायवेच्या हॉटेलांमधून वड्यांचा वास येत होता. कारखान्याच्या फाटकाशी रात्रपाळीचे लोक उभे होते, त्यांतल्या दोघीतिघींनी मला ओळखून असा आरडाओरडा केला की पुढचे धावणारे वळून बघायला लागले. हायवे सुटला आणि गाड्यांचा आवाज मागे मागे जात विरला. पळसदरीला ऊन आलं. पळस फुलला होता, रस्त्यावर त्याची फुलं पडली होती, आणि मी ती तुडवू नये म्हणून वाकडीतिकडी पळत होते. कर्जत केव्हा आलं आणि केव्हा गेलं ते कळलं नाही. एक दुकानदार शटर वर करताना थांबून बघत होता एवढं आठवतं. त्यानंतरचा रस्ता माझा होता. खुंट आणि रोपं, डावा ऋतू आणि उजवा ऋतू. पाइप आज पूर्ण दिसत होते, थेट वरपर्यंत.

आमचा फाटा लांबून दिसला. शिरीषाच्या झाडाखाली लाल प्लास्टिकची खुर्ची. तिच्यावर आई, धुतलेलं पांढरं लुगडं नेसलेली. बाजूला वहिनी. माझ्या थोडे पुढे तीनचार जण पळत होते. मी हात वर केला. वहिनीने टाळ्या वाजवल्या, आईला खांद्याला धरून दाखवलं. आई माझ्या दिशेने बघत होती, पण माझ्यावरून पलीकडे, मागच्या रिकाम्या रस्त्याकडे. ऊन डोळ्यांवर असेल, मी मनाशी म्हटलं. पुढे इतर माणसंही होती. परत येताना थांबू. वीजघराचं फाटक जवळच होतं. तिथे वळल्याची खूण म्हणून मनगटाला रिबीन बांधून घेतली, वळले, आणि या वेळी एकटी आले.

फाट्यावर मी थांबले. तिच्या खुर्चीसमोर, पावलाच्या अंतरावर.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. खुर्चीखालचा तांब्या काढला आणि माझ्या हातात दिला. "पी बाई. किती घाम आलाय."

मी पाणी प्यायले. वहिनी काही बोलणार तेवढ्यात आईने माझ्या मनगटाला हात लावला. आवाज खाली आणून, गुपित विचारावं तसं विचारलं, "तिकडनंच आलीस ना? माजी लेक येनार हाय. येते म्हनून गेलीय पहाटंची. वाटंत दिसली का गं?"

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अवो आत्या, ही कोन..." मी हाताने तिला थांबवलं. का थांबवलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. टोपी काढून, चेहरा पुसून, मीच गं आई, असं म्हणता आलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर एवढी आस होती, इतकी सरळ आणि स्वच्छ, की ती मोडून मी तिच्या हातात काय देणार होते? एक घामाघूम बाई, जिला तिने ओळखायला हवं होतं आणि ओळखलं नाही. आणि तेवढ्याशा वेळात तिला ते कळलं असतं. विसरल्याचं तिला कळतं, तेव्हा ती लहान मुलासारखी खाली बघते. ते मला बघवत नाही.

मी म्हटलं, "दिसली ना. येतेय मागून."

"बरी हाय?"

"बरी आहे. दमानं येतेय."

आई हसली. सगळं तोंड भरून हसली, वहिनीकडे वळून म्हणाली, "बगितलंस? दमानं येतेय." मग मला म्हणाली, "जा बाई तू. तुलाबी तुजी आई वाट बगत असंल."

"येते," मी म्हटलं. सवयीने गेलं तोंडातून.

"ये," ती म्हणाली. नुसतंच ये. पुरवणी तिने लेकीसाठी राखून ठेवली होती.

त्यानंतर कर्जतपर्यंत मी रडत पळाले. मोठ्याने, लाज न बाळगता. उलट दिशेने येणाऱ्या शर्यतीच्या एका स्वयंसेवकाने विचारलं, क्रॅम्प आलाय का? मी मान हलवली. मला जे हवं होतं ते मिळालं नव्हतं. तिने मला पळताना बघितलं, पण बघितलं ते दुसऱ्याच कुठल्या बाईला. पुढच्या वर्षी तर काहीच उरणार नव्हतं. मग थांबावं, इथेच बसावं, कोणाची तरी रिक्षा करून घरी जावं, असं पाय म्हणायला लागले. ऊन चढलं होतं. डांबरावर हवा हलत होती.

कर्जत सोडून पळसदरीच्या बाजूला लागले तेव्हा रडणं आपोआप थांबलं आणि नेहमीसारखं सगळं जाणवणं सुटलं. पाय आपले आपण पडायला लागले. आणि मला मागून कोणीतरी येतंय असं वाटलं. मी वळून बघितलं, रस्ता रिकामा. पुन्हा पुढे बघितलं की पुन्हा ते पाऊल. मी घाबरले नाही. मला माहीत होतं कोण आहे ते. मीच आईला सांगितलं होतं ना, मागून येतेय म्हणून. तीच येत होती. आईची लेक, आई जिची वाट बघते ती, काकड्यांची पाटी घेऊन, हळूहळू. तिला मागे टाकून मला थांबता येईना. मी थांबले तर ती कशी पोचणार? आम्ही दोघी पळसदरीच्या धरणावरून गेलो, पडलेल्या फुलांवरून गेलो. हायवेचा आवाज जवळ आला. रस्ता, ऊन आणि त्या दोन पावलांचा आवाज, बाकी मला काही आठवत नाही.

मैदानात पोचले तेव्हा मांडवाचे खांब काढायला सुरुवात झाली होती. डॉक्टर तेवढे घड्याळाकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीने बघत उभे होते. "वेळेत आहात," ते ओरडले, "थोडक्यात आहात, पण आहात!" कोणीतरी माझ्या गळ्यात पदक घातलं. डॉक्टर पुढे म्हणाले, "शेवटी फार छान वेग धरलात. कशाने?" मी म्हटलं, "सोबत होती." त्यांनी मागे बघितलं. माझ्या मागे कोणी नव्हतं.

घरी येईपर्यंत दुपार कलली. वहिनीचा फोन आला होता, आई खुर्चीवरून उठायला तयार नाही, जेवण तिथेच नेऊन भरवलं. मी गाडी अलीकडच्या वळणावर थांबवायला लावली. तिथल्या नळावर तोंड धुतलं, टोपी आणि नंबर पिशवीत टाकला, घरची ओढणी घेतली. बूट काढून चपला घातल्या. पाय नुसते दगड झाले होते. तशी मी चालत फाट्याकडे आले, रोज येते तशी.

आईने लांबूनच बघितलं. खुर्चीच्या हातांना धरून उठून उभी राहिली.

"आलीस?"

"आले."

"किती येळ गं." तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "पन मला काळजी नव्हती. एक बाई सांगून गेली. येतेय म्हनाली. दमानं येतेय म्हनाली. म्हनून बसून राहिले."

 तिला काहीतरी द्यावंसं वाटलं म्हणून पिशवीतून पदक काढून तिच्या हातात ठेवलं. तिने ते उलटंपालटं करून बघितलं. "कुनाचं ह्ये?"

"त्या बाईचं," मी म्हटलं.

"अगं बाई! इसरून गेली? लय दमली व्हती बिचारी. मंग जपून ठिवाया पायजे."

तिने ते स्वतः नेऊन दाराशेजारच्या खिळ्याला अडकवलं, येता-जाता दिसेल असं. अजून तिथेच आहे. आता मी अक्का असते किंवा कधी कोणीच नसते, पण ते पदक कोणाचं आहे हे आई विसरत नाही. सकाळी मी बूट घालून दारात आले की ती त्याच्याकडे बोट करते.

"ती बाई भेटली तर सांग तिला, तुजं ह्ये हितं हाय."

"सांगते," मी म्हणते. "येते."

"ये," आई म्हणते. "दमानं ये."